माहीत होतं

फोन आला तेव्हा नूपुर बुटीबोरीच्या सूतगिरणीतल्या लॅबमध्ये मशीनवर ताणलेला धागा तुटायची वाट पाहत उभी होती. दिवसभराचं कामच ते. सूत ताणायचं, किती ओढ सोसून तुटतं ते पाहायचं, मग दुसरं लावायचं. फोन सुशीलचा होता. नूपुर आणि तिच्या बाबांचं सक्करदऱ्याचं घर त्याने आणि त्याच्या बायकोने मागच्या उन्हाळ्यात विकत घेतलं होतं, आणि तेव्हापासून त्याचे अधूनमधून फोन येत. टाकीचा कॉक कोणत्या बाजूला बंद होतो, गच्चीच्या कुलपाला दुसरी किल्ली होती का, असं काहीतरी विचारायला. नूपुरने फोन खांद्यात धरला आणि घरातली ती जागा डोळ्यांपुढे आणायची तयारी केली. पण सुशील पाण्याबद्दल बोलत नव्हता. "ताई, दिपाली बाथरूमात पडली," तो म्हणाला. "दार तोडा लागलं. आता आयसीयूत आहे. डॉक्टर म्हणून राहिले का गीझरचा गॅस चढला." मग त्याने विचारलं, "तुमच्या इथं असं कधी झालतं का ताई? त्या बाथरूमात?"

"नाही," नूपुर म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली, की आपण विचार करून बोललो की नाही हेही तिला कळलं नाही. समोर धागा कधीचा तुटला होता आणि मशीन थांबून पुढच्या धाग्याची वाट पाहत होतं. तिने हॉस्पिटलचं नाव विचारलं, संध्याकाळी येते म्हणून सांगितलं, काळजी करू नका असंही म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपलं उत्तर बरोबरच होतं. असं कधी झालं नव्हतं. आई त्या बाथरूममध्ये गेली हे खरं, पण ती हार्टने गेली. ते वेगळं आणि हे वेगळं. तिने दुसरा धागा लावला आणि तो नीट बसेना म्हणून काढून पुन्हा लावला. वर्धा रोडवरून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती तेच पुन्हा पुन्हा मनात म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी 'वेगळं' हा शब्द थोडा जास्त जोर लावून म्हणावा लागत होता.

आई गेली ती जानेवारीतल्या एका सकाळी. संक्रांत होऊन गेली होती आणि आईला गल्लीतल्या कुणाकडे तरी हळदीकुंकवाला जायचं होतं, म्हणून ती न्हायला गेली. नूपुर सकाळच्या बसने निघून गेलेली. बाबा गॅलरीत उन्हात पेपर वाचत होते. पेपर वाचून झाला तरी नळाचा आवाज चालूच, म्हणून त्यांनी हाक मारली, मग दाराला खांदा लावला. दाराची कडी जुनी होती, पटकन निघाली. गल्लीतले डॉक्टर आले. साठी उलटलेली बाई, बीपीची गोळी चालू, आंघोळ करताना कोसळलेली. त्यांनी दुसरं काय लिहायचं? नूपुर घरी पोहोचली तेव्हा आईला दिवाणखान्यात निजवलं होतं आणि बायका जमल्या होत्या. शेजारच्या जयवंताबाईंनी आईच्या कपाळाला मळवट भरला आणि नूपुरला जवळ घेऊन म्हणाल्या, "पाय वं बाई, कसं तेज आहे तोंडावर. सवाष्ण गेली तुही माय, भाग्याची." आणि खरंच होतं. आई एरवी निमगोरी, थोडी पिवळट, शेवटच्या वर्षांत तर फारच ओढलेली. त्या दिवशी तिचे गाल तरुण बाईसारखे होते. ओठ लाल. हिरव्या लुगड्यात ती इतकी सुंदर दिसत होती की नूपुरला रडताना मधेच एक विचित्र आनंद झाला होता, आणि पुढे कितीतरी दिवस तिने तो चेहरा जपून ठेवला होता. झोप येत नसली की ती तो काढून पाहायची. बाबांनाही ती एकदा म्हणाली होती, किती छान दिसत होती ना आई. बाबा म्हणाले होते, लग्नात दिसली होती तशी.

बसस्टॉपवर लावलेली स्कूटी घेऊन ती हॉस्पिटलात पोहोचली तेव्हा सुशील पायऱ्यांवर बसला होता. उमरेडकडच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, बियाणांच्या कंपनीत नोकरीला, उन्हातून हिंडून हिंडून रापलेला. घर बघायला पहिल्यांदा आला तेव्हा त्याने भिंतींना हात लावून पाहिला होता आणि दिपालीने, ती नर्सरीत शिकवायची, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून बाहेर चिमण्या येतात का असं विचारलं होतं. नूपुरला ती तेव्हाच आवडली होती. आता काचेपलीकडे तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डोळे उघडे होते, पण ते कशाकडे पाहत होते ते कळत नव्हतं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. गॅस गीझर, दार बंद, हवा जायला वाट नाही. गॅसला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी डोकं जड होतं, गरगरतं, मग पायातली शक्ती जाते, आणि कडी काढायची हे कळत असलं तरी हात उचलत नाही. जीव वाचला, पण मेंदूवर किती परिणाम झालाय ते हळूहळू दिसेल, त्या म्हणाल्या. "पण मग कळायचं कसं?" नूपुरने विचारलं. तिला दिपालीबद्दल विचारायचं होतं, निदान तिची तशी समजूत होती. डॉक्टरीणबाईंना वाटलं तिला एकंदर माहिती हवी आहे. "जिवंत पेशंटमध्ये वरून फारसं काही दिसत नाही. गेलेल्यांमध्ये दिसतं. गाल गुलाबी होतात, ओठ लाल राहतात. घरच्यांना वाटतं झोपलंय माणूस."

नूपुर 'अच्छा' म्हणाली. नंतर तिला आठवत होतं ते एवढंच, की आपण 'अच्छा' म्हणालो आणि पर्समधून रुमाल काढून पुन्हा आत ठेवला. खाली स्कूटीशी आल्यावर तिला स्कूटीचा स्टँड काढता येईना. आईचा तो चेहरा तिच्यासमोर आला, हिरवं लुगडं, मळवट, गाल. तिने इतके दिवस तो अंधारात एकटीने हातात घेऊन पाहिला होता, आणि ते सगळं विष होतं.  मग एकेक गोष्ट आपणहून येत गेली, तिने बोलावली नव्हती. आई थंडीत न्हाऊन बाहेर आली की खाटेच्या कडेवर डोकं धरून बसायची. गरगरतं गं नूपुर. आणि नूपुर डबा भरता भरता म्हणायची, आई उपाशी नको जात जाऊ न्हायला. बाबा म्हणायचे बीपी. उन्हाळ्यात आईला गरगरायचं नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. रविवारी केस धुतले की नूपुरचंही डोकं दुखायचं, ते ती शिकेकाईवर ढकलायची. बाकी दिवस तिची बस लवकरची, चार तांबे ओतून ती पळायची. आणि बाबा बारा महिने थंड पाण्याने आंघोळ करणारे. त्या गीझरचं पाणी त्यांनी कधी अंगावर घेतलंच नाही.

आणि झरोका. बाथरूमच्या भिंतीत वर उंचावर एक झरोका होता, त्यातून कबुतरं आत यायची आणि थंडीत वारा. आई म्हणाली होती, अंगावर पाणी घेतलं की वरून गार झोत येतो, हुडहुडी भरते. बाबांनी एका रविवारी स्टूलवर चढून त्याचं माप घेतलं. पाटबंधारे खात्यात त्यांनी नोकरीभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले होते, रेघ जाड झाली तर पूर्ण कागद बदलणारा माणूस. त्यांनी पारदर्शक शीट कापून आणली, म्हणजे उजेड यावा, आणि चारी बाजूंनी एम-सील भरलं, बोट ओलं करून गुळगुळीत केलं. आई खाली स्टूल धरून उभी होती. उतरल्यावर त्यांनी काडी ओढून झरोक्याजवळ धरली, ज्योत हलली नाही. "पाहा," ते आईला म्हणाले, "आता वाऱ्याची टाप नाही." आई हसली होती. नूपुर दारातून पाहत होती. तिला ते दोघं फार चांगले दिसले होते.

घर विकून घेतलेल्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बाबा टीव्हीसमोर बसले होते. कशी आहे त्याची बायको, त्यांनी विचारलं. बरी आहे, ती म्हणाली. काय झालं होतं, तर चक्कर आली. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने कणीक काढली. पीठ भिजवताना ती विचार करत होती की हे बाबांना कधी कळलंच नाही तर काय बिघडेल. आई परत येणार नाही. दिपाली बरी होईल. झरोका सुशील आता उघडेलच. राहता राहिली ती स्वतः, आणि तिला एखादी गोष्ट मनात ठेवून नोकरीवर जाता येत होतं, बसमध्ये मैत्रिणींशी बोलता येत होतं. तिला खात्री होती की तिला जमेल. तिने पोळ्या केल्या, बाबा जेवले, भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

पण जयवंताबाई दिपालीला बघायला हॉस्पिटलात गेल्या. हळहळल्या, आणि हळहळता हळहळता म्हणाल्या, त्या न्हाणीतच काही आहे बाप्पा, नूपुरची माय, यमुताईबी, तिथंच पडली होती. सुशीलला हे कुणी सांगितलं नव्हतं. घर विकताना बाबा म्हणाले होते, बायको वारली, आता एवढं घर झेपत नाही. कुठे वारली, कशी वारली, कोण विचारतं? त्याच संध्याकाळी तो फ्लॅटवर आला. आत येऊन बसला नाही. दारातून दोन पावलं आत येऊन चपला पायात तशाच ठेवून उभा राहिला. नूपुरने पाणी आणलं ते त्याने घेतलं नाही.

"काका, काकू त्याच बाथरूमात गेल्या?"

"हो," बाबा म्हणाले. "हार्ट अटॅक आला होता."

"गीझर चालू होता?"

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "आंघोळीला गेली होती ती. गीझर चालू असणारच. पण तिचं हार्ट होतं. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"तुम्हाले मालूम होतं काका," सुशील म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "गीझर राहू दे म्हणे, चांगला आहे म्हणे, तुम्हाले कामी पडेल. मालूम असून देऊन टाकला तुम्ही आमाले. दिपालीले तिच्या शाळेतल्या पोरायचे नावं आठवून नाही राहिले. चमच्याले काय म्हणतात ते आठवून नाही राहिलं तिले."

बाबा उभे राहिले होते. त्यांना राग आला होता, आणि राग आला की ते फार शुद्ध बोलत. ते म्हणाले की तुमच्यावर आलेला प्रसंग वाईट आहे, पण माझ्या पत्नीच्या मृत्यूचा तुम्ही असा उपयोग करू नये. ती हृदयविकाराने गेली. माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट तुम्ही मला सांगू नका. सुशीलने त्यांच्याकडे पाहिलं, मग नूपुरकडे पाहिलं, आणि नूपुरने हातातला पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. तो गेल्यावर बाबा म्हणाले, हे लोक पैसे काढायला काहीही बोलतील.  तिला वाटलं, आता बाबा विचारतील, गीझरचं काय म्हणत होता तो, आणि मग आपण सांगू. बाबांनी विचारलं नाही. त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा केला. पण त्या दिवसापासून ते बोलताना मध्येच थांबू लागले. जेवताना घास हातात तसाच राहायचा. एकदा ती कामावरून आली तर ते इथल्या बाथरूमच्या दारात उभे होते, दिवा लावून, वर खिडकीकडे पाहत. काय पाहताय विचारलं तर म्हणाले, जाळं झालंय.

सुशीलच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा ती दोघं गिरिधर वकिलांकडे गेली. गिरिधर बाबांच्या ओळखीतले, धंतोलीत एका जुन्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत बसणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी कागद वाचले, पोलिसांचा पंचनामा वाचला आणि मान वर न करता विचारलं, "झरोका कायमचा बंद केलेला सापडला असं लिहिलंय. हा त्यांनी बंद केला असेल ना? घर घेतल्यावर? तसं असेल तर विषयच संपला."

"मी केला," बाबा म्हणाले.

गिरिधरांनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, हे तुम्ही मला सांगितलं नाही असं समजू. तुम्हाला आठवत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते नूपुरकडे वळून, जणू बाबा खोलीत नाहीतच अशा पद्धतीने, बोलू लागले. त्यांचं म्हणणं होतं की हार्ट अटॅकला धरून बसण्यात अर्थ नाही. समोरचा वकील डॉक्टर उभा करील आणि ते प्रमाणपत्र टिकणार नाही. त्यापेक्षा आपणच म्हणावं की हो, यमुताईसुद्धा त्याच गॅसने गेल्या असाव्यात, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. याहून चांगला बचाव नाही. विकणाऱ्याला धोका माहीत असता तर त्याची स्वतःची बायको त्या बाथरूममध्ये मेली असती का? कोणता न्यायाधीश म्हणेल की या माणसाने जाणूनबुजून केलं? "वहिनींचं जाणं हाच तुमच्या निर्दोषपणाचा पुरावा आहे," गिरिधर म्हणाले, आणि ते दिलासा द्यायला म्हणाले, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. नूपुर बाबांकडे पाहत नव्हती. ती टेबलावरच्या काचेखालच्या देवाच्या चित्राकडे पाहत होती. तिला ऐकू येत होतं की बाबांचा श्वास आधी होता तसाच चालू आहे, आत बाहेर, आत बाहेर, आणि ते ऐकणं तिला असह्य झालं. मग बाबांनी विचारलं, "झरोका उघडा असता तर?" गिरिधर म्हणाले, तो मुद्दा आपण काढायचाच नाही.

परतताना बाबा स्कूटीवर मागे बसले होते आणि त्यांनी तिच्या खांद्याला धरलं नव्हतं. आधी ते धरायचे. ती आरशातून पाहत होती. त्यांचा चेहरा तसाच होता, थोडा वैतागलेला, ऑफिसातून काम अर्धं टाकून आलेल्या माणसासारखा. तिला वाटलं घरी गेल्यावर ते रडतील, किंवा ओरडतील, आणि मग आपण त्यांना धरून बसू. घरी गेल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि चहा मागितला. पुढचे कितीतरी दिवस तसेच गेले. तिनेही काही काढलं नाही. त्यांना काय सांगायचं हे तिला कळत नव्हतं. तुमची चूक नाही, असं म्हणावं तर आधी ती चूक मोठ्याने बोलावी लागणार होती. स्टूल, शीट, एम-सील, न हललेली ज्योत. ती वाक्याच्या सुरुवातीपर्यंत जायची आणि तिथून परत यायची. रात्रीचं जेवण झालं की दोघंही आपापल्या खोलीत लवकर जायची, आणि तिला भिंतीपलीकडे त्यांच्या कुशी बदलण्याने करकरणारी खाट ऐकू यायची.

एका रविवारी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि म्हणाले, चल, दिपालीला पाहून येऊ. तिला आता घरी आणलं होतं. नूपुर म्हणाली, वकिलांनी सांगितलंय त्यांच्याशी बोलायचं नाही. बाबा म्हणाले, बोलायचं नाही, पाहायचं आहे. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत शिरताना नूपुरचे हात आपोआप वळत गेले. दिवाणखान्यात दिपाली एका खुर्चीत बसली होती, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा घेऊन. एक शेंग फोडायची, दाणे पाहायची, मग फोलं वाटीत आणि दाणे पिशवीत टाकायची, मग थांबून पुन्हा वाटीत पाहायची. सुशील तिच्या शेजारी जमिनीवर बसून न बोलता दाणे उचलून वाटीत आणत होता. त्याने या दोघांना पाहिलं आणि तो उठला नाही.

बाबा दिपालीसमोरच्या खुर्चीवर बसले. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सुशील, तू त्या दिवशी विचारलंस. मला माहीत होतं."

नूपुरला वाटलं तिने चुकीचं ऐकलं.

"यमू त्या गॅसनेच गेली," बाबा म्हणाले. ते नकाशा समजावून सांगावा तसं बोलत होते, एकसारख्या आवाजात. "हार्ट नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं. घर विकायचं होतं म्हणून मी बोललो नाही. झरोकाही मीच बंद केला होता. नूपुरला यातलं काही ठाऊक नाही."

सुशील त्यांच्याकडे पाहत राहिला. नूपुरने तोंड उघडलं. नाही, ती म्हणणार होती, खोटं आहे, त्यांना काही माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. पण तिने सुशीलचा चेहरा पाहिला. महिनाभर आवळून धरलेलं काहीतरी त्याच्या जबड्यातून सुटत होतं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी भरत होतं. आणि बाबांचाही चेहरा तिने पाहिला. वकिलांकडून आल्यापासून पहिल्यांदा तो एखाद्या माणसाचा चेहरा दिसत होता. तिने तोंड मिटलं. दिपालीने एक दाणा उचलून बाबांच्या समोर धरला आणि बाबांनी तो घेतला. सुशील म्हणाला, "उठा काका. चालले जा इथून."

परतताना सक्करदऱ्याच्या तलावाच्या कडेला नूपुरने स्कूटी थांबवली.  "तुम्हाला माहीत नव्हतं बाबा," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मग काहून बोललात असं?"

बाबा पाण्याकडे पाहत होते. शेवाळलेल्या पाण्यावर कुणीतरी टाकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या तरंगत होत्या. "तो मला जाब विचारेल," ते म्हणाले. "त्याचा वकील विचारेल. कोर्टात उभं करतील. यमूबद्दल मला कोण विचारणार आहे?"

गिरिधर वकिलांनी दुसऱ्याच दिवशी वकीलपत्र सोडलं. बाबांनी पोलिसांना जबाब दिला तो तसाच दिला, सहीसुद्धा ठसठशीत केली. जामीन झाला, तारखा पडू लागल्या. सक्करदऱ्यात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. स्वतःची बायको ज्या गॅसने मेली तो गीझर दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा माणूस म्हणून बाबांना लोक ओळखू लागले. बाजारात जयवंताबाई समोर आल्या तर त्यांनी पदर सावरला आणि त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. नूपुरचा मामा, बाबाराव, एकदाच आला. त्याने विचारलं, माझ्या बहिणीचं खरं काय ते तू सांग. नूपुर म्हणाली, बाबांनी सांगितलंय तेच. मामा चहा न घेता गेला. तिला बाबांचा राग येत होता, इतका की कधीकधी त्यांच्या ताटात वाढताना तिचा डाव आपटायचा. त्यांनी स्वतःसाठी एक शिक्षा शोधून काढली होती आणि ते तीत शांतपणे राहायला गेले होते. आता त्यांना झोप लागत होती. भिंतीपलीकडची खाट वाजत नव्हती. आणि जे खरं घडलं होतं, एका माणसाने बायकोला थंडी वाजू नये म्हणून केलेली गोष्ट, ते आता जगात फक्त नूपुरकडे उरलं होतं. ते तिला एकटीला सांभाळता येईना. तिला वाटू लागलं, आपण गप्प राहिलो तर एक दिवस आईही त्या खोट्यातलीच होऊन जाईल, आणि स्टूल धरून हसणारी आई कधी नव्हतीच असं होईल.

म्हणून कोर्टाच्या तारखेआधी ती एकटी सुशीलकडे गेली. तो अंगणात गाडी पुसत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, घाईघाईने. झरोका, कबुतरं, आईची हुडहुडी, गुलाबी गाल. बाबांना काही माहीत नव्हतं. वकिलांच्या खोलीत त्यांना कळलं. ते खोटं बोलले, आणि मी कोर्टात तसं सांगणार आहे.

सुशीलने ऐकून घेतलं. फडकं पिळलं, बोनेटवर पसरलं. "मले माहीत आहे ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी काकाच्या तोंडाकडे पाहूनच समजलं का हा माणूस खोटं बोलून राहिला."

"मग?" नूपुरने विचारलं.

"तुम्ही नका सांगू कोर्टात," तो म्हणाला. मग त्याने घराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "दिपाली पडली त्या दिवशी तिचं सकाळपासून डोकं दुखत होतं. म्हणे आज नाही न्हात, उद्या न्हाईन. मीच म्हटलं, गरम पान्यानं न्हाऊन घे, बरं वाटते. गीझर मीच चालू करून देल्ला. दार लावून घे म्हटलं, थंडी आहे." त्याने बोनेटवरचं फडकं उचललं. "हे कोनाले मालूम नाही. तिच्या मायले नाही. माझ्या घरचे, तिच्या घरचे, साऱ्यायचा राग काकावर आहे. तो तिथंच राहू द्या ताई. इकडे आला तं मी नाही उरत."

रस्त्यावरून गांधीबागेकडे जाणारा कापडाचा टेम्पो खडखडत गेला.  नूपुरला म्हणायचं होतं की तुमचीही चूक नाही. मग तिला आठवलं, हेच वाक्य आपल्याला बाबांना म्हणता आलं नव्हतं, आणि ते आपल्यालाही आजवर कुणी म्हटलेलं नाही. ती मान हलवून निघाली. सुशीलने त्या मान हलवण्याचा अर्थ काय घेतला, तिने विचारलं नाही. तिने स्वतःलाही विचारलं नाही.

तेवढ्यात आतून दिपाली आली. स्वच्छ साडी, नीट विंचरलेले केस, हातात पाण्याचा पेला. ती पायरीवर एक पाऊल चाचपून उतरली, पेला नूपुरपुढे धरला आणि पाहुणीशी बोलावं तशी हसली. "बसा ना," ती म्हणाली. शब्द एकेक शोधून, पण सगळे मिळाले. "घर सापडाले काही त्रास नाही झाला ना?"

नूपुरने पेला घेतला.

"नाही," ती म्हणाली. "लगेच सापडलं."